न्यायासनावरील माधवराव रानडे

आमच्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे, आणि तो पुरुष बहुधा आपल्याच ज्ञातीतला असतो. या वर्षी हा प्रघात आम्ही बुद्ध्याच मोडला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, ज्यांना त्यांच्या काळचे लोक माधवराव म्हणत, ते ना आमच्या ज्ञातीचे, ना आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यातले. तरीही त्यांचे चरित्र येथे देण्याचे कारण असे की, बांधीची वाटणी, जुने गहाण, सावकाराचे देणे, मुलीचा हिस्सा अशा एखाद्या निमित्ताने कोर्टाची पायरी चढावी लागली नाही असे घर आपल्यात विरळा. पण कोर्टात नेमके काय होते, न्यायाधीश कशावरून ठरवितो, आणि त्याचेही चुकले तर पुढे कोणास विचारावे, हे जाणणारे घर त्याहून विरळा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. माधवरावांनी जन्मभर ती पायरीच जरा बेताच्या उंचीची करण्याचा उद्योग केला.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून होते व पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले. म्हणून मुलाचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरास झाले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी विद्या संपादिली. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. व १८६६ मध्ये एलएल. बी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. भाषांतरकाराचे काम, अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांतील थोडी चाकरी आणि एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन, इतके झाल्यावर १८७१ मध्ये ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून रुजू झाले. सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन, अर्थशास्त्र अशा त्यांच्या दहा कामांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांत आम्ही शिरत नाही. त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे ज्या खुर्चीवर गेली, त्या खुर्चीविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे.

सबजज्जापुढे येणारा दावा दिवाणी. एकाचे दुसऱ्याकडे काही येणे आहे, किंवा एका जमिनीवर दोघे हक्क सांगतात, असा हा वाद असतो. फौजदारी खटल्याची गोष्ट निराळी. तेथे चोरी, मारामारी, खून अशा गुन्ह्याबद्दल सरकारच फिर्यादी होते आणि आरोपीविषयी वाजवी शंका उरली तर त्यास सोडावे लागते. दिवाणीत दोन पारड्यांपैकी जे खाली झुकेल त्याच्या बाजूने निकाल होतो. वादी अर्ज देतो, प्रतिवादीस समन्स जाते, तो लेखी कैफियत देतो. दोघांचे कोठे जमते व कोठे जमत नाही हे पाहून न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतो, त्या मुद्द्यांपुरताच पुरावा घेतो, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ देतो, आणि मग कारणे लिहून निकाल देतो. निकालावरून हुकूमनामा निघतो. हुकूमनामा हाती आला तरी पैसे हाती येत नाहीत, त्यासाठी पुन्हा दरखास्त द्यावी लागते. कारणे लिहून निकाल देणे हा यातील कणा होय. कारणे लिहिलेली नसतील तर वरच्या न्यायालयाने तपासावे तरी काय? माधवरावांचे पुण्यातील निकालपत्र म्हणजे पुराव्याची बारीक छाननी असे, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश सर मायकेल वेस्ट्रॉप यांनी त्यांची प्रशंसा केली होती.

पण कायदा कितीही रेखीव असला तरी त्याच्या भोकांतून माणसे गळत होती, हे त्या खुर्चीवरून माधवरावांना दिसत होते. त्या काळी दख्खनच्या शेतकऱ्याचे काय होत असे ते आम्ही हिशेब करून सांगतो, कारण आपल्याकडील सवाई-दिढीच्या धानाची उचल ज्यांनी ऐकली आहे त्यांस ते चटकन कळेल. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे असे ठरले. हेतू चांगला, जुनी येणी उकरून कोणी कोणास छळू नये. परिणाम उलटा झाला. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाकडून नवा रोखा लिहून घेई, आणि त्यात आधीचे व्याज मुद्दल म्हणून मांडी. दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने शंभर रुपये घेतले असे धरा. तीन वर्षांनी रोखा १७२ रुपयांचा, सहा वर्षांनी जवळजवळ २९६ रुपयांचा, आणि नवव्या वर्षी ५०९ रुपयांच्या घरात. मग दावा. कुळास समन्स मिळे किंवा मिळतही नसे. मिळाले तरी दूरच्या गावी जाण्याची ऐपत नसे, वकिलाची फी नसे, आणि अंगठा तर आपलाच. तो हजर राहात नसे. न्यायाधीश रोखा पाही, अंगठा पाही, आणि एकतर्फी हुकूमनामा देई. कायद्याप्रमाणे त्यात चूक काहीच नव्हती. त्या हुकूमनाम्याच्या जोरावर जप्ती येई, आणि देणे न फिटल्यास देणेकऱ्यास दिवाणी तुरुंगातही टाकता येई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे व गहाणखते बाहेर काढून जाळली गेली. न्यायालयात ज्या कागदापुढे आपले तोंड बंद होते तो कागदच नाहीसा करावा, इतकाच न्याय त्या बिचाऱ्यांस सुचला. सरकारने चौकशी समिती नेमली, आणि चार वर्षांनी १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू होता. कायदा करणारे दुसरे होते. तो गावोगाव नीट चालतो की नाही हे पाहण्याचे काम पुढे माधवरावांकडे आले.

मध्ये एक प्रकरण आहे, ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. त्याच १८७९ सालच्या मे महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू असताना पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांस आगी लागल्या. पुण्यातील सुशिक्षितांवर सरकारचा संशय होता, आणि माधवराव त्या सुशिक्षितांचे अग्रणी. आदल्या वर्षी त्यांस नाशिकला पाठविलेच होते. आता तेथून धुळ्यास बदली झाली, व त्यांची टपालातील पत्रे उघडून पाहिली जाऊ लागली. काही काळाने संशय फिटला. पण ज्याने सरकार व प्रजा यांच्या तंट्यातही तागडी सरळ धरावयाची, त्याचीच बदली व पगार सरकारच्या मुठीत असले तर काय होते, याचा हा नमुना आहे. आमच्या भागात तर स्थिती याहून कठीण होती. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, तेव्हा आरंभीच्या काळात डेप्युटी कमिशनर हाच सारा वसूल करी, तोच फौजदारी चालवी व दिवाणीही तोच पाही. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याचपुढे मांडावयाचे! न्यायखाते व कारभारखाते निराळे असावे हे तत्त्व १९५० च्या राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदात आले, आणि फौजदारी न्यायदंडाधिकारी देशभर उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आले ते १ एप्रिल १९७४ पासून. वाचकांनी ही तारीख पाहावी. आपल्यातील कित्येकांच्या हयातीतली ती गोष्ट आहे.

१८८१ मध्ये थोडा काळ मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी काम पाहिल्यावर माधवराव नव्या कायद्याखालील विशेष न्यायाधीशांचे सहायक झाले. पुढे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. आणि १८८७ पासून ते स्वतःच विशेष न्यायाधीश झाले. आमच्या मते त्यांच्या न्यायकारकीर्दीचा सर्वांत मोलाचा भाग हाच, उच्च न्यायालयापेक्षाही. कायद्याने न्यायाधीशास रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या अगदी पहिल्या दिवसापर्यंत मागे जाण्याची आज्ञा दिली होती. मूळ रक्कम किती, व्याज किती, वसूल किती, धान्य किती गेले, बैल कोणत्या किमतीस वळते केले, हे सर्व मांडून नवा हिशेब करावयाचा. प्रतिवादी नुसता हजर नाही म्हणून भागत नसे; त्यास बोलावून त्याची जबानी घ्यावयाची. देण्यासाठी तुरुंग बंद झाला. खास गहाण नसलेली जमीन जप्तीतून सुटली. हुकूमनाम्याचे हप्ते पाडून मिळू लागले. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर व्हावा, आणि सावकाराने पावती द्यावी असे ठरले. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत सामान्यतः वकील नको, किरकोळ दावे गावमुन्सफाने पाहावेत, आणि समेट करून देणाऱ्या पंचाकडे आधी गेल्यावाचून दावाच दाखल होऊ नये, हीही योजना त्यातच होती.

येथे एक अडचण होती, व तीच विशेष न्यायाधीशाच्या नेमणुकीचे कारण. खर्च व विलंब टळावा म्हणून या दाव्यांवरील अपिलाची वाट कायद्याने बंद केली होती. अपील नाही, वकील नाही, आणि समोर सावकार. मग खालच्या न्यायाधीशाचे चुकले तर? म्हणून फेरतपासणी ठेविली. पक्षकाराने वर जाण्याऐवजी वरच्या न्यायाधीशानेच खाली यावे, अशी ती उलटी योजना. माधवराव वर्षातील बराच काळ फिरतीवर असत. तालुक्याच्या गावी मुक्काम करावा, सबजज्जांची व गावमुन्सफांची दप्तरे मागवावीत, निकाल वाचावेत, हिशेब तपासावेत, चुकला असेल तो दुरुस्त करावा, असा त्यांचा क्रम असे. पत्नी रमाबाई अनेकदा बरोबर असत, आणि त्या फिरतीच्या दिवसांचे वर्णन त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात केले आहे. थोर माणसाचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सभा व व्याख्याने येतात. कंदिलाच्या उजेडात परक्याच्या देण्याघेण्याची बेरीज तपासणारा हा विद्वान गृहस्थ आम्हांस त्याहून थोर वाटतो.

कायद्याने सर्व सुखी झाले असे मात्र कोणी समजू नये. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती काढली, म्हणजे कर्जाचा हिशेब निघण्याचा प्रश्नच उरू नये. समेट करणारे पंच सगळेच निःस्पृह होते असेही नाही.

समेटाची कल्पना माधवरावांस नवी नव्हती. १८७६ मध्ये पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट काढले, त्यात गणेश वासुदेव जोशी यांच्याबरोबर माधवरावांची प्रेरणा होती. स्वतः सरकारी न्यायाधीश असून सरकारी न्यायालयाबाहेर वाद मिटावेत म्हणून झटणारा हा माणूस! त्यात विसंगती नव्हती. लवादापुढे यावयाचे ते दोघांनी राजीखुषीने, लेखी कबुलीने, पंच दोघांस मान्य, निवाडा लेखी, आणि तो न्यायालयात दाखल करून त्यास हुकूमनाम्याचे बळ आणता येई. ज्यास यावयाचे नाही त्यास कोर्टाचे दार उघडेच होते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे चरित्र निवडले तिच्याकडे येतो. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ती लिहिणे काहींस रुचणार नाही, तरी लिहितो. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील कित्येक प्रतिष्ठित मंडळी गेली. तेथे चहा व बिस्किटे दिली गेली. कोणी घेतली, कोणी नुसती हाती धरली. पुढे त्या सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी पंच नेमले गेले. त्या यादीत लोकमान्य टिळक होते व न्यायमूर्ती रानडेही होते. ज्याच्या सहीने चार जिल्ह्यांतील न्यायाधीशांचे निकाल फिरत, तो एका पेला चहासाठी आरोपी झाला.

या दोन पंचायतींतील अंतर वाचकांनी पाहावे. लवादापुढे माणूस आपणहून येतो. ग्रामण्यात त्यास ओढले जाते. लवादाचा निवाडा त्या दोघांपुरता असतो. ग्रामण्याचा दंड घरातील बायकामुलांवर पडतो, भटजी घरी येत नाही, श्राद्ध अडते, मुलीचे लग्न मोडते. न्यायालयात शिक्षा आधी ठरलेली असते व तिला सीमा असते. बहिष्कारास सीमा नाही. आणि वर दाद मागण्याची वाटही जवळजवळ नव्हती, कारण मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमाने ज्ञातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयाने सामान्यतः पडू नये असे ठरविले होते. अब्रूच्या नुकसानीचा दावा एवढीच फट उघडी होती. माधवरावांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे अडचणीत आलेल्या स्नेह्यांच्या कुटुंबांची सुटका व्हावी, हे त्यामागील कारण सांगितले जाते. त्यांचे अनेक सुधारक मित्र नाराज झाले, रमाबाईंसही ते आवडले नाही. यापूर्वीही, १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले होते, त्याचा ठपका लोकांनी कधी पुसला नाही. आम्हीही तो पुसू इच्छीत नाही. पण एवढ्या अधिकाराच्या माणसास जे दडपण झेपले नाही, ते एखाद्या खेड्यातील एकट्या कास्तकारास कसे झेपावे?

प्रायश्चित्ताच्या आदल्याच वर्षी, १८९१ च्या डिसेंबरात, सामाजिक परिषदेचे अधिवेशन आपल्या नागपुरास भरले होते आणि माधवरावांनी तेथे भाषण केले होते. आमच्या मुलखाच्या इतक्या जवळ ते आले होते.

आपल्या राज्यात या प्रश्नाचा कायद्याने निकाल लागावयास फार काळ जावा लागला. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला, आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे जातपंचायतीने वा कोणा गटाने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकणे हा गुन्हा आहे, व त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समेटाचे काम मात्र कोणी बंद केलेले नाही. लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या निवाड्यावर अपील नाही, आणि तेथे मिटलेल्या प्रलंबित दाव्याचे न्यायालयीन शुल्कही परत मिळते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व कोठडीतील माणसे यांस उत्पन्न न पाहता वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. आपल्या ज्ञातिसंस्थेपुढे जो तंटा येईल तो आम्हीही लवादाच्याच रीतीने पाहू शकतो. दोघांची लेखी संमती नसेल तर तो पाहू नये, आणि कोर्टात गेल्याबद्दल कोणाशीही रोटीव्यवहार, बेटीव्यवहार वा बोलणे तोडू नये.

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी माधवराव मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे त्यांनी सात वर्षे काम केले. प्रकृती खालावल्यावर त्यांनी रजा घेतली, व १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उणे होते.

आपल्या भागात दिवाणी तंट्याची वाट पूर्वी भंडाऱ्यास जाई. उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ पासून नागपुरास झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा निघाला, आणि आज जिल्हा न्यायालय गोंदियातच आहे. तालुक्याचे दिवाणी न्यायालय, त्यावर जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, आणि अखेर दिल्ली, अशी ही पायऱ्यांची ओळ आहे. अपिलास मुदत असते. ती दवडू नये.

माधवरावांच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी, १९३३ मध्ये, मध्यप्रांतानेही कर्ज तडजोडीचा कायदा केला. देणेकरी व सावकार यांस एकत्र बसवून कर्ज ठरवून देणारी मंडळे त्याखाली नेमली गेली. सावकाराने वाजवी देऊ केलेले नाकारले तर मंडळ तसा दाखला देई, आणि मग त्यास पुढील दाव्यात खर्च मिळत नसे व व्याजावरही बंधन येई. आपल्या मालगुजारी काळातील अनेक घरांच्या पेट्यांतून अशा मंडळांचे कागद, जुने रोखे व हप्त्यांच्या पावत्या अजून असतील. ज्यांच्याकडे ते असतील त्यांनी मूळ कागद आपल्याकडेच ठेवून एक नक्कल संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत नावगाव गाळून त्यातील निवडक हिशेब छापण्याचा आमचा विचार आहे.